डेअरीतला प्रशांत महासागर

मी एक जुना नकाशा आहे. पण मित्रांनो, जुना म्हणालो म्हणून लगेच नाक मुरडू नका. मी कुठल्या तालुक्याचा नाहीतर जिल्ह्याचा नकाशा नाही. मी अख्ख्या प्रशांत महासागराचा नकाशा आहे. सगळे खंड उचलून माझ्यात टाकले तरी बोटींना फिरायला जागा उरेल. मला टांगायला मिळणं हे कुठल्याही भिंतीचं भाग्यच.

त्या भाग्यवान भिंतीवर पहिले काही दिवस मी उलटा लटकत होतो.

डोकं खाली, पाय वर. ऑस्ट्रेलिया छताला आणि जपान अंड्यांच्या खोक्यांपाशी. वाईट याचं वाटतं की कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. सगळे म्हणायचे, "परदेशी नावं आहेत बाबा, अशीच असतात." शेवटी एका बाईचा हातमोजा पडला. तो उचलायला ती वाकली, तिने पायांमधून मागे पाहिलं आणि ओरडली, "अगंबाई, इथून वाचता येतंय!" मग मला सरळ केलं. पण या वेळी मला खोक्यांच्या वर घेतलं, तर माझं डोकं छताला टेकायला लागलं, कारण ते छत होतं ठेंगणं. रुडीने काय करावं? त्याने माझी वरची वीतभर पट्टी मागे दुमडली आणि खिळा ठोकून दिला.

म्हणाला, "वर काय, पाणीच असणार."

हा रुडी कोटास म्हणजे आमचा मालक. अमेरिकेतल्या नेब्रास्कात न्यू ल्होटा नावाचं गाव आहे, तिथे त्याची डेअरी. दर शनिवारी आजूबाजूच्या शेतांवरच्या बाया मलईच्या किटल्या आणि अंडी घेऊन यायच्या. रुडी मलईचा नमुना नळीत घालायचा, वर ॲसिड ओतायचा, यंत्रात गरगर फिरवायचा आणि फॅट किती लागली ते सांगायचा. तोवर बायांना दुसरं काही काम नसायचं. खोक्यांवर बसायचं आणि भिंतीकडे बघायचं. बघितलं जाण्यासाठी याहून चांगली जागा नकाशाला कुठे मिळणार?

मी तिथे आलो ते लढाईमुळे. जपानने आमच्या बोटींवर बॉम्ब टाकले, पाठोपाठ जर्मनीनेही लढाई पुकारली. एकदम दोन बाजूंनी दोन लढाया. त्या हिवाळ्यात राष्ट्राध्यक्ष रेडिओवर बोलणार होते, आणि आधी निरोप आला की प्रत्येकाने समोर नकाशा घेऊन बसावं. झालं! अख्खा देश नकाशे घ्यायला धावला. रुडी ओमाहाला पोचला तेव्हा दुकानदार म्हणाला, "युरोप संपला. समुद्र उरलाय, देऊ?"

रुडी म्हणाला, "दे. भिंतीला पोपडे आलेत, तेवढेच झाकले जातील."

माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक.

तरी मी खूश होतो, कारण मी एकटा होतो. पण आठवड्याभरात रुडीच्या चुलतभावाने पोस्टाने एक गुंडाळी पाठवली, आणि तिच्यातून तो बाहेर पडला.

युरोप.

मित्रांनो, मी कोणाबद्दल वाईट बोलत नाही. पण इतका भपका शोभतो का? गुलाबी, पोपटी, पिवळा, जांभळा! लग्नाच्या जेवणावळीत एकाच ताटात सगळं वाढून घेतल्यासारखा. आणि वर पाठीला कापड लावलेलं! माझ्या पाठीला भिंतीचा चुना. त्याला रुडीने शेगडीजवळची भिंत दिली, दिव्याखालची, फॅट काढायच्या टेबलासमोरची. मी दाराजवळ, अंडी आणि टोप्यांच्या खुंट्या यांच्या मधे. येणाऱ्याजाणाऱ्याचा कोपर पहिला मला लागायचा.

त्यात अजून एक रडगाणं. न्यू ल्होटातल्या प्रत्येक घराचं मूळ गाव त्याच्या पोटात होतं. यांचे आजे-पणजे बोहेमियातून आलेले. बाया त्याच्यासमोर उभ्या राहून डोळे पुसायच्या. "इथं माझी आई जन्मली गं." "इथल्या तळ्यात आमचे बाबा बुडता बुडता वाचले." एकीने तर त्याचा मुका घेतला. त्याच्या प्रागवर कोलाचीतला, म्हणजे त्यांच्या गोड पावातला, खसखशीचा दाणा चिकटून राहिला, तो रुडीने काढू दिला नाही. आणि त्यांचं जुनं ल्होटा त्याच्यावर छापलेलंच नव्हतं, तर रुडीने पेन्सिलीने लिहून दिलं!

माझ्यासमोर उभं राहून एकच बाई रडली. तिची अंडी फुटली होती.

तो मला कधी एक शब्द बोलला नाही. हाच त्याचा माज.

आमच्या डेअरीत दोन सख्ख्या बहिणी यायच्या, त्यांच्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही. थोरली रोझा स्मुटनी आणि धाकटी आल्बिना डुशेक. शेजारशेजारच्या शेतांवर दिलेल्या. लहानपणी एका पलंगावर झोपायच्या आणि पांघरूण ओढायच्या. लग्नानंतर पांघरूण नव्हतं, म्हणून बाकी सगळं ओढायच्या. रोझाने पांढऱ्या कोंबड्या घेतल्या की आल्बिनाने त्याहून पांढऱ्या घ्यायच्या.

"रुडी, माझी फॅट किती लागली?" रोझा विचारायची.

"चांगली लागली, रोझाताई."

"आल्बीपेक्षा जास्त ना?"

"ताई, मी इथेच बसलेय," आल्बिना म्हणायची.

"म्हणून तर विचारतेय."

रोझाचा मुलगा अर्विन आधी सैन्यात गेला. त्याला युरोपकडे धाडलं. रोझाने लाल लोकरीचा गोंडा लावलेली टाचणी आणली आणि त्या रंगीबेरंगी गृहस्थाच्या इंग्लंडवर खोचली. टाळ्या पडल्या. मग दुसऱ्या बाईच्या मुलाची टाचणी, मग तिसऱ्या. त्याचं अंग टाचण्यांनी भरलं. मला विचाराल तर टाचणी टोचल्यावर दुखतं. पण न टोचल्यावर किती दुखतं, ते मलाच ठाऊक.

माझ्याकडे कोणी यायचं ते फक्त चुका करायला. रेडिओवर मोठ्या दर्यायुद्धाची बातमी आली, तेव्हा रुडी काडीने जागा दाखवू लागला. काडी फिरत फिरत ऑस्ट्रेलियाच्या मधोमध थांबली.

"इथे आपल्या बोटी आहेत."

"रुडी, तो तपकिरी भाग आहे," आल्बिना म्हणाली. "तपकिरी म्हणजे जमीन ना?"

रुडीने बारीक डोळे करून बघितलं. "भरती असेल."

मग आल्बिनाच्या ल्युमीरलाही बोलावणं आलं. उंच, हडकुळा, जरा लाजरा मुलगा. त्याला पश्चिम किनाऱ्यावरून बोटीत चढवलं. म्हणजे माझ्याकडे! माझ्या निळ्या अंगावर न्यू ल्होटाचा पहिला मुलगा! मित्रांनो, मी त्या शनिवारी खिळ्यावर ताठ उभा होतो.

आल्बिना किटली खाली ठेवून सरळ माझ्यापाशी आली. तिच्या हातात निळ्या गोंड्याची टाचणी होती.

"रुडी, माझा ल्युमीर कुठंय ते दाखव."

"पत्रात काय लिहिलंय?"

"लिहिलंय, बेटावर आहे. पुढे कात्री लावलीय." तिने पत्र उजेडात धरलं. पत्राला खिडक्या पडल्या होत्या. लष्कराचे तपासनीस बसलेले असतात, जागा कळेल असं काही दिसलं की कापून टाकतात. "मग लिहिलंय, इथे एक झाड नाही. मग परत कात्री. मग, आई, लोकरी मोजे पाठव. मग कात्री. तुझा ल्युमीर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर बेटं म्हणाल तर रवा सांडल्यासारखी.

रोझा शेगडीजवळून म्हणाली, "माझा अर्विन बाई मोठ्या शहराजवळ आहे. तिथे राजवाडा आहे. तुझा पाण्यात."

"पाण्यात नाही, बेटावर."

"कुठल्या? नाव सांग ना."

आल्बिनाचं तोंड एवढंसं झालं. ती टाचणी घेऊन उभी, आणि खोचायला जागा नाही. मला वाटलं, अगं, कुठेही खोच! पण ती तसली बाई नव्हती. पोराला कुठेही कसं खोचणार?

तेव्हा रुडी पुढे आला. त्याला कोणाचं तोंड एवढंसं झालेलं बघवत नाही. म्हणूनच त्याच्याकडे सगळ्यांनाच फॅट चांगली लागते. त्याने चष्मा पुसला, नाक मला टेकवलं आणि एकदम ओरडला.

"हे बघ! हे बेट बघ! सगळ्या बेटांना नावं आहेत, याला नाव नाही."

"मग?"

"मग काय? ज्याअर्थी नाव नाही, त्याअर्थी गुप्त आहे. सैन्यानेच छापू दिलं नसणार. ल्युमीर तिथेच."

बाया उठून आल्या. विषुववृत्ताच्या जरा खाली एक काळा, गोल, टपोरा ठिपका होता. खरंच नाव नव्हतं.

नाव कुठून असणार? तो ठिपका मागच्या गुरुवारी झाला होता. मलईवर ताव मारून एक माशी माझ्यावर विसावली, आणि जाताना ठेवून गेली. पण मी बोलणार कसा? आणि खरं सांगू, बोलता आलं असतं तरी बोललो नसतो. आल्बिनाने टाचणी खोचली. माझी पहिली टाचणी! मी त्या रंगीबेरंगी गृहस्थाकडे बघितलं. म्हटलं, तुझ्याकडे राजवाडे असतील, गुप्त बेट आहे का?

पुढचे काही शनिवार माझे होते. बाया दारातून थेट माझ्याकडे यायच्या. कुजबुजायच्या. "हेच ते." "किती लहान आहे गं." "लहान असलं तरी महत्त्वाचं असणार." रोझाच्या लाल गोंड्याकडे कोणी ढुंकून बघेना. तिने दोनदा अर्विनला विनाकारण हलवून पाहिलं, तरी कोणी विचारलं नाही.

मग तिच्या डोक्यात आलं.

"रुडी, एक बोलू का? बेट गुप्त आहे म्हणतोस आणि दाराशेजारी टांगून ठेवतोस? उद्या एखादा हेर अंडी विकायला आला तर?"

रुडी पांढराफटक पडला. पोस्टाबाहेर मोठं चित्र लावलेलं होतं, तोंडाला कुलूप लावा म्हणून. त्याने त्याच दिवशी कोंबडीखाद्याचं रिकामं पोतं आणलं आणि मला वरून खालपर्यंत झाकून टाकलं.

म्हणजे बघा मित्रांनो, मला मान मिळाला म्हणून मी पोत्याखाली गेलो, आणि तो शेगडीजवळ उघडा, ऊब खात. पोत्यावर कोंबडीचं चित्र होतं. येणाऱ्याला वाटायचं, रुडीने कोंबडीचा फोटो लावलाय. आतल्या गोटातल्या बाया पोतं जरासं वर करायच्या, पाळण्यातलं बाळ बघतात तसं, आणि आत तोंड घालून "अगंबाई" म्हणायच्या.

आल्बिनाने पार्सलं सुरू केली. उन्हाची टोपी, गवताची, रुंद कडांची. डासांचं तेल. पिठाच्या फुलाफुलांच्या पिशव्यांची पोहायची चड्डी तिने स्वतः शिवली. ल्युमीरचं पत्र आलं. कात्री लावलेल्या खिडक्यांमधून एवढंच उरलं होतं: टोपी मिळाली, आभारी आहे. लोकरी मोजे पाठव. जाड.

"हे लोकरीचं काय घेऊन बसलाय?" आल्बिना काळजीत पडली. "एवढ्या उन्हात?"

रुडीने खूप विचार केला. "मलेरिया. त्यात थंडी वाजून येते."

"अरे देवा!"

"आणि झाडं नाहीत म्हणतो, ती बॉम्बने उडाली असणार. सावली नाही. म्हणून ताप चढतो."

"मग मोजे पाठवू?"

"वेडी का तू? तापात लोकर घातली तर पोरगा शिजेल. डासांचं तेल अजून पाठव."

लोकरीचे मोजे होते, नाही असं नाही. गावच्या बायका टोपली भरून विणायच्या. पण युरोप म्हणजे थंडी असं ठरलेलं, म्हणून सगळे अर्विनला जायचे. अर्विन तेव्हा इटलीत होता, ऐन उन्हाळ्यात. त्याने मोजे देऊन टरबुजं घेतली.

असं करत वर्षं गेली. अर्विन पुढे पुढे सरकत राहिला. लाल गोंडा इटलीतून फ्रान्सला, फ्रान्समधून जर्मनीला. प्रत्येक वेळी रोझा खसखशीची कोलाची आणायची आणि सगळ्यांसमोर टाचणी हलवायची. माझा निळा गोंडा मात्र जागचा हलेना. आणि मग ल्युमीरची पत्रंच बंद झाली.

आधी आल्बिना हसण्यावारी न्यायची. "बोट चुकली असेल." मग हसेनाशी झाली. येऊन फॅटही विचारायची नाही. किटली ठेवायची, पोतं वर करायची, एक बोट त्या ठिपक्याजवळ टेकवायची. त्यावर नाही, जवळ. जसं झोपलेल्या माणसाला उठवायचं नसतं पण हात तर लावायचा असतो. मग पोतं खाली सोडायची. मित्रांनो, तेव्हा मी युरोपचा हेवा करायचं विसरायचो. म्हणजे जवळजवळ विसरायचो. तिच्या बोटाखाली ल्युमीर होता, माशी नव्हती, आणि जगात इतकं हलकं बोट दुसऱ्या कुठल्या नकाशाला लागलं नसेल.

मे महिन्यात युरोपची लढाई संपली.

गावात घंटा वाजल्या. अर्विनचं पत्र आलं की तो बोहेमियात आहे, आज्याच्या ल्होटापासून घोडागाडीच्या अंतरावर, आणि एका म्हातारीने त्याला उकडीचे गोळे खाऊ घातले. रोझाचे पाय जमिनीला लागेनात. डेअरीतच मेजवानी ठरली, त्या शनिवारी. रुडीची बायको स्टाझी हिने आदल्या दिवशी झाडून-पुसून सगळं लख्ख केलं. शेगडी घासली, खोकी रचली. आणि माझ्यावरचं पोतं काढून, ओल्या फडक्यावर सोडा टाकून, मलाही खसाखसा पुसलं.

पोतं परत लावत म्हणाली, "शी! किती माश्यांची घाण!"

मेजवानी दणक्यात झाली. लाल गोंडा ल्होटावर खोचला गेला. सगळे म्हणत होते, लढाई संपली, संपली एकदाची! मी पोत्याखालून ओरडत होतो, अरे, माझ्याकडे चालू आहे अजून! पण ज्याच्यावर कोंबडी असते त्याचं कोण ऐकणार?

आल्बिना हातात कोलाची घेऊन उभी होती. खाल्लं नव्हतं. तिने हळूच येऊन पोतं उचललं.

टाचणी होती. ठिपका नव्हता. निळंशार, स्वच्छ पाणी.

कोलाची खाली पडलं. ती खोक्यावर बसली. आत अंडी होती, ती फुटली, पण तिला कळलं नाही.

"बुडालं," ती म्हणाली. "रुडी, बेट बुडालं."

गलका थांबला. रुडी धावत आला. त्याने बघितलं, स्टाझीकडे बघितलं, स्टाझीने हातातल्या फडक्याकडे बघितलं.

"भरती..." रुडी म्हणाला.

"कोणी मला सांगितलं नाही," आल्बिना म्हणत होती. "इतके महिने पत्र नाही, ते यामुळेच. तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

आता स्टाझीने खरं सांगितलं असतं तरी पंचाईत होती. इतकी वर्षं पोरगा माशीच्या घाणीवर राहिला, असं कोण कोणाच्या आईला सांगणार? तेवढ्यात रोझा उठली. त्या दिवशी तिचा दिवस होता. तिने पदरमोड करून रेशनच्या तीन कुपनांची साखर त्या कोलाचीत घातली होती, आणि आता सगळे पुन्हा आल्बीकडेच बघत होते. मला वाटलं, ही आता काहीतरी टोचून बोलणार.

बोललीच.

"आल्बी, तुझे डोळे गेलेत. किती वेळा सांगितलं, चष्मा कर." तिने रुडीच्या कानावरची पेन्सिल ओढली, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं आणि माझ्यावर ठिपका काढला. पहिल्यापेक्षा जरा मोठा. "हे काय आहे? आहे की नाही? रंग फिका झालाय, बाकी काही नाही. हे नकाशे छापणारे चोर असतात."

आल्बिना डोळे किलकिले करून बघत राहिली. "झाड नको काढूस, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "तिथे झाडं नाहीत."

"काढत नाहीये. गप्प बस आणि खा."

दोघी त्या फुटलेल्या अंड्यांच्या खोक्यावर शेजारी शेजारी बसल्या. आल्बिनाला सगळं माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी एवढंच सांगतो, की त्या क्षणी मला युरोपचा नाही, आल्बिनाचा हेवा वाटला. माझं काही पुसलं गेलं तर पुन्हा काढून देणारं मला कोणी नव्हतं.

उन्हाळ्याच्या अखेरीला माझ्याकडचीही लढाई संपली, आणि शरदात एका शनिवारी डेअरीचं दार उघडून ल्युमीर आत आला. लंगडत. अंगाने निम्मा, चेहरा दुधासारखा पांढरा.

आल्बिनाने किटली सोडली. मलई जमिनीवर पसरली, आणि पहिल्यांदाच तिची फॅट कोणी मोजली नाही. ती त्याला धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग त्याला जरा लांब धरून तिने बघितलं.

"ऊन लागलं नाही रे तुला?"

"कुठलं ऊन, आई?"

रुडीने ऐटीत पोतं बाजूला केलं. "ये बाळा. आम्ही तुझं बेट सांभाळून ठेवलंय."

ल्युमीरने पेन्सिलीचा ठिपका पाहिला. निळा गोंडा पाहिला. मग त्याने खालपासून वरपर्यंत मला न्याहाळलं, आणि वर त्याची नजर अडकली. त्याने हात उंचावला, खिळा काढला आणि माझी दुमडलेली पट्टी सरळ केली. इतक्या वर्षांनी माझ्या कपाळाला वारा लागला. मित्रांनो, कडकडा हाडं मोडल्यासारखी माझी घडी मोडली. पट्टी छतावर चढली, आणि तिथे, अगदी वर, अलास्काच्या टोकापासून बेटांची एक माळ निघालेली दिसली.

"मी इथे होतो," तो म्हणाला.

"ते तर..." रुडी चाचरला, "ते तर थंड असेल."

"बर्फ होता, काका. नाहीतर धुकं. झाड उगवत नाही तिथे. वाऱ्यात तंबू उडायचे."

"आणि बॉम्ब?"

"आम्ही पोचलो तेव्हा शत्रू निघून गेलेला होता. वाऱ्याशीच लढलो."

आल्बिना एक एक शब्द काढत म्हणाली, "म्हणजे ते लोकरी मोजे..."

"मागतच होतो की, आई. प्रत्येक पत्रात."

"आणि मी टोपी पाठवली."

"ती पहिल्याच दिवशी उडाली. रशियाच्या दिशेने गेली."

"आणि चड्डी? पोहायची?"

ल्युमीर लाजला. "कानांवर बांधायचो. फुलं होती, म्हणून सगळे ओळखायचे. डासांच्या तेलाने दिवे लावले. चांगलं जळतं. पत्रं मी लिहिली होती, वादळात बोटच यायची नाही. आली की तुझ्याच पार्सलांनी भरलेली असायची." मग जरा थांबून म्हणाला, "डाव्या पायाची बोटं गेली. पण चालता येतं."

आल्बिना खाली बसली, त्याचा डावा बूट काढू लागली. तो नको नको म्हणत होता. रोझा तशीच उठली, गाडीतून मोज्यांची टोपली घेऊन आली आणि बहिणीशेजारी जमिनीवर बसली. अर्विनसाठी विणलेले होते ते. दोघींनी मिळून उजवाही बूट काढला आणि एकेका पायावर तीन तीन मोजे चढवले. बूट परत जाईनात.

"आता पुरे, मावशी," ल्युमीर म्हणाला. "इथे गरम होतंय."

"गप्प बस," रोझा म्हणाली. "वर्षांची बाकी आहे."

आणि मी? मी पूर्ण लांबीचा, उघडा, सरळ, आणि सगळे माझ्या कपाळाकडे बघत होते. शेगडीजवळच्या गृहस्थाकडे एकदोघांचीच पाठ होती असं नाही. सगळ्यांचीच होती.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. नकाशा घरात आणाल तर घडी घालून टांगू नका. छत ठेंगणं असेल तर नकाशा तिरका लावा, पण दुमडू नका. जो भाग तुम्हाला पाणीच वाटतो, तिथे कोणाचा तरी मुलगा मोजे मागत उभा असू शकतो. माश्या येतील अशा जागी लावू नका. पोतं घालू नका, घातलंच तर कोंबडीचं चित्र आतल्या बाजूला करा. आणि शेजारी दुसरा नकाशा लावायची वेळ आली, तर आधी आलेल्याला विचारा.

पुढच्या वसंतात गावाने ठरवलं की लढाईची आठवण म्हणून सभागृहात एक नकाशा काचेत लावायचा. अर्थातच सगळ्यांनी युरोपचं नाव घेतलं. आल्बिना उठून म्हणाली, माझ्या ल्युमीरचा समुद्र लावा. वादावादी झाली, हात वर करायला सांगितले. शेवटचा हात माझ्या बाजूने वर गेला तो रोझाचा. मी जिंकलो. मी! त्या रंगीबेरंगीला हरवून!

काचेची टंचाई होती, म्हणून चौकट एकच झाली. रुडीने सुताराला बजावलं की कोणाचं मन दुखवू नकोस, आणि हा कागद पातळ आहे, मागे काहीतरी भक्कम लाव. सुताराने कापड लावलेला युरोप घेतला आणि आम्हा दोघांना पाठीला पाठ चिकटवलं. मग चौकटीत बसवून, स्क्रू पिळून, भिंतीवर पक्कं केलं आणि पडदा लावला.

समारंभाला गाव लोटलं होतं. पडदा सरकवल्यावर ल्युमीरच्या बेटावर पहिलं बोट आल्बिनाने ठेवायचं ठरलं होतं. ती नवा चष्मा लावून, बोट पुढे करून तयार होती. पडदा सरकला. तिचं बोट आइसलंडवर टेकलं.

माझं तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे पुढचं मला फक्त ऐकू आलं. टाळ्या पडल्या. सुताराने गोंद चांगल्या प्रतीचा वापरला होता.